मदत हवी आहे : आन्ना मान्यानीची नाटकं

नमस्कार मंडळी. परवा ‘रोम, ओपन सिटी’ (१९४५) हा इटालियन सिनेमा पाहिला. होणाऱ्या नवऱ्याला नेणाऱ्या ट्रकमागे ओरडत धावणारी आणि गोळी लागून भर रस्त्यात कोसळणारी पिना डोळ्यांपुढून हलतच नाहीये. पिना साकारणाऱ्या इटालियन अभिनेत्री आन्ना मान्यानीसारखं काम मी क्वचितच पाहिलंय!

‘द रोज टॅटू’ हे नाटक अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सनं तिच्यासाठीच लिहिलं, पण इंग्रजी कच्चं म्हणून तिनं ब्रॉडवेला नकार दिला. पुढे त्याच भूमिकेसाठी सिनेमात ऑस्कर मिळवलं.

मला शोध आहे तो तिच्या रंगभूमीवरच्या कामाचा. विनोदी नट तोतोबरोबरचे रिव्ह्यू (गाणी, नाच आणि प्रहसनांचे रंगमंचावरचे कार्यक्रम), १९६५ मधलं दिग्दर्शक झेफिरेल्लीनं बसवलेलं ‘ला लूपा’ हे नाटक... यांचं चित्रण किंवा निदान फोटो कुठे मिळतील? मराठीत तिच्यावर कुणी सविस्तर लिहिलंय का? इटालियन येत नाही, इंग्रजी सबटायटल्स चालतील.