मदत हवी आहे: छातीत पाणी, सीबीनॅट निगेटिव्ह, तरी टीबीच?

अबोली२१
भावाच्या छातीत पाणी झालंय, उजव्या बाजूला. परवा सुईने काढलं आणि तपासायला दिलं. सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची झटपट चाचणी) निगेटिव्ह आलंय. तरी एक डॉक्टर म्हणतात हा फुफ्फुसाच्या आवरणाचा टीबीच आहे, गोळ्या सुरू करा. दुसरे म्हणतात पक्कं झाल्याशिवाय एकही गोळी द्यायची नाही, कल्चर (पाण्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात ते) येऊ दे. कल्चरला सहा आठवडे! उद्या सकाळी काहीतरी ठरवायचंय. आई दोन दिवस जेवलेली नाही. कुणाला अनुभव असेल तर लवकर सांगा.

घाटमाथा
ताई, वय काय त्याचं? ताप कधीपासून? पाणी कसं दिसत होतं? एडीए (टीबीत पाण्यात वाढणारं एक एन्झाइम) किती? नुसत्या सीबीनॅटवर कोण काय सांगणार?

पेन्शनर_काका
आधी त्याचं ताट, वाटी, पेला वेगळा करा. घरात लहान मुलं असतील तर त्यांना मामाकडे पाठवा. आमच्या वेळी हेच करत.

लॅबवाला
काका, टीबी भांड्यांतून पसरत नाही, खोकल्यातून हवेत जातो. आणि नुसत्या आवरणाचा असेल तर संसर्गाची भीती फार कमी. आधीच घाबरलेल्या घराला आणखी घाबरवू नका.
ताई, मी लॅबमध्ये १४ वर्षं आहे. आवरणात जंतू मुळातच थोडे असतात. पाणी साचतं ते बरंचसं शरीराने त्या थोड्या जंतूंविरुद्ध केलेल्या आगपाखडीमुळे. म्हणून पाण्याच्या स्लाइडवर जंतू दिसणारे पेशंट शंभरात दहासुद्धा नसतात, आणि सीबीनॅटही बऱ्याचदा चुकवतं. पॉझिटिव्ह आलं तर विश्वास ठेवायचा, निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं धरायचं नाही. बाकीचा रिपोर्ट टाका.

अबोली२१
वय २४. चाकणला कंपनीत आहे, तिथेच खोली घेऊन राहतो. तीन आठवडे संध्याकाळी ताप, खोल श्वास घेतला की बरगडीत कळ, वजन चार किलो उतरलं. खोकला नाहीच. पाणी पिवळसर, ९०० मिली काढलं. प्रोटीन ५.२, लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ८८ टक्के, एडीए ६८. हे सगळं लिहायला हवं होतं हे माहीत नव्हतं.

घाटमाथा
मग अडलंय कुठे? एडीए ४० च्या वर, लिम्फोसाइट्स भरपूर, वय २४. माझ्या बायकोचं अगदी असंच होतं, एडीए ७१. सहा महिने गोळ्या घेतल्या, आज ठणठणीत आहे. उद्याच सुरू करा.

सागरगोटा
थांबा. माझ्या मावशीचा एडीए ५२ होता. तिलाही टीबी म्हणून दोन महिने गोळ्या दिल्या. निघाला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. ते दोन महिने आम्हाला परत मिळाले नाहीत. बायोप्सी, म्हणजे आवरणाचा तुकडा काढून तपासणी, केल्याशिवाय हलू नका.

घाटमाथा
मावशींचं वय काय होतं?

सागरगोटा
६१. पण म्हणून काय झालं? चूक कुणाच्याही बाबतीत होऊ शकते.

घाटमाथा
वयाने फरक पडतो हो. प्रत्येक पोराच्या छातीत दुर्बीण घालायची का?

केळफूल
निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी झाली का? पोषणासाठी दरमहा १००० रुपये खात्यात येतात, आधी ५०० होते. बँकेचं पासबुक तयार ठेवा.

लॅबवाला
केळफूल, माहिती बरोबर आहे, पण आधी निदान होऊ दे. ताई, त्याला याआधी कुठली अँटिबायोटिक दिली होती का? आणि आसपास कुणाला टीबी?

अबोली२१
गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवस लिव्होफ्लॉक्सासिन दिलं होतं. ताप दोन दिवस उतरला, मग परत आला. घरात कुणाला नाही. रूममेटला होता, पण तो गेल्या वर्षी बरा झाला, म्हणून लिहिलं नाही.

रेसिडेंट_डॉक
ताई, या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही आत्ता लिहिलीत. रूममेटच्या गोळ्या किती महिने चालल्या?
लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंवरही काम करतं. ताप तात्पुरता उतरतो, जंतू दबतात आणि कल्चरही रिकामं येऊ शकतं. टीबीची शंका असेल तर ते देऊ नये ते याचसाठी.
घाटमाथा, एरवी तुमचंच बरोबर. आपल्याकडे २४ वर्षांच्या मुलात असा रिपोर्ट आला तर उपचार सुरू करतात. सागरगोटा, तुमचंही खरं: एडीए लिम्फोमात आणि पू झालेल्या छातीतही वाढतो.

अबोली२१
आत्ताच त्याला फोन केला. दीड वर्ष चालल्या म्हणतो. मला वाटलं सगळ्यांच्याच तेवढ्या चालतात.

रेसिडेंट_डॉक
नाही. साध्या टीबीच्या सहा महिने चालतात. दीड वर्ष म्हणजे त्याचा जंतू बहुधा औषधांना न जुमानणारा होता. भावाला तोच लागला असेल तर नेहमीच्या गोळ्या पुरणार नाहीत. म्हणून इथे बायोप्सी हवी. टीबी आहे की नाही एवढंच नाही, कुठल्या औषधाला दाद देईल हेही तुकड्यातून कळू शकतं. तुकड्यात पाण्यापेक्षा जंतू सापडण्याची शक्यता बरीच जास्त असते. सीबीनॅट तुकड्यावर पुन्हा करायला सांगा, रिफॅम्पिसिन (टीबीचं मुख्य औषध) चालतं का ते त्यातच समजतं. खोकला नसला तरी खारट पाण्याची वाफ देऊन थुंकी काढता येते, तीही पाठवा. एचआयव्ही आणि शुगर राहिली असेल तर करून घ्या. रूममेटची जुनी फाइल मिळाली तर सोन्यासारखी. ती उद्या डॉक्टरांच्या हातात द्या.

लॅबवाला
एक गोष्ट वहीत लिहून घ्या. बायोप्सीचे तुकडे दोन बाटल्यांत हवेत. एक फॉर्मलीनमध्ये (तुकडा टिकवणारं रसायन), सूक्ष्मदर्शकाखाली टीबीच्या बारीक गाठी बघायला. दुसरी साध्या सलाईनमध्ये, कल्चर आणि सीबीनॅटसाठी. फॉर्मलीनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरला काही उरत नाही. सगळे तुकडे फॉर्मलीनमध्ये आलेले मी कितीदा पाहिलेत. ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

सागरगोटा
अगदी हेच. मावशीच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

पेन्शनर_काका
भांड्यांचं मी चुकीचं बोललो असेन. पोराला अंडी, शेंगदाण्याची चटणी, भाकरी पोटभर घाला.

अबोली२१
पहिल्या डॉक्टरांशी बोलले. रूममेटचं ऐकल्यावर तेही बायोप्सीला तयार झाले, गुरुवारी करतील. फाइल घेऊन रूममेट स्वतः येतोय. सलाईनची बाटली मीच लॅबला नेणार आहे. किती वेळात पोचायला हवी?

लॅबवाला
त्याच दिवशी, जितक्या लवकर जमेल तितकं. वाटेत कुठे थांबू नका. झाकण घट्ट आहे ना, नाव आणि 'सलाईन' लिहिलंय ना, ते खोलीतून बाहेर पडायच्या आधी बघा.