मूव्ह ऑर्डरिंग : चालींचा क्रम, क्रमवारी की प्रतवारी?

दादरला आठवी-नववीच्या मुलांना बुद्धिबळाचा प्रोग्रॅम चाल कशी शोधतो ते मराठीतून सांगतो आहे. ‘मूव्ह ऑर्डरिंग’पाशी अडलो. फळ्यावर ‘चालींचा क्रम’ लिहिलं, तर एका मुलीने विचारलं, “काका, म्हणजे आधी घोडा काढायचा की आधी प्यादं, तेच ना?” तिचं चुकलं नव्हतं. खेळणारा ‘क्रम’ म्हणतो तो चाली खेळल्या जाण्याचा. इथे प्रश्न वेगळा : एकाच स्थितीतल्या तीस-पस्तीस चालींपैकी आधी कोणती तपासायची?

फरक किती पडतो पाहा. प्रत्येक स्थितीत ३५ चाली धरून, दोन्ही बाजूंच्या मिळून ४ चाली पुढचं पाहिलं तर शेवटी १५,००,६२५ स्थिती तपासाव्या लागतात. अल्फा-बीटा छाटणीत (एखादी चाल आधी सापडलेल्या चालीहून सरस ठरणार नाही हे कळताच तिचा पुढचा शोध सोडून देतात) दर वेळी उत्तम चाल पहिलीच हाती लागली तर २,४४९ पुरतात, आणि उत्तर तेच येतं. क्नूथ आणि मूर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली हा हिशेब नीट मांडून दाखवला.

प्रतिसाद : ‘क्रमवारी’ म्हणा की, दादा. फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाची, क्रमवारी सगळ्यांना कळते.

मूळ लेखक : क्रमवारी निकालानंतर लागते हो. इथे निकाल अजून लागायचाच असतो. म्हणून मला ‘प्रतवारी’ हवा आहे. क्रॉफर्ड मार्केटात हापूसची प्रतवारी करणारा फळ कापत नाही. हातात घेतो, वजन जोखतो, साल बघतो, आणि हा चार डझनी पेटीत, तो सहा डझनी पेटीत. प्रोग्रॅमही असाच अंदाज बांधतो. कमी खोलीच्या (थोड्याच चाली पुढचं पाहणाऱ्या) शोधात सरस ठरलेली चाल सर्वांत आधी. मग मारामारी : प्याद्याने वजीर मिळत असेल तर ती चाल वर, वजिराने प्यादं मारायचं असेल तर खाली.

प्रतिसाद : पटलं. पण प्रतवारी साधली की नाही, हे मोजायचं कसं? सेकंदाला किती स्थिती, हेच ना?

मूळ लेखक : नाही, तो नुसता वेग. १९९७चा डीप ब्लू हा आयबीएमचा बुद्धिबळ खेळणारा संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती बघायचा. त्यावरून प्रतवारी कळत नाही. जिथे जिथे छाटणी झाली, तिथे शेकडा किती वेळा ती पहिल्याच चालीने झाली ते मोजा. चांगल्या प्रोग्रॅममध्ये हा आकडा नव्वदीच्या घरात असतो. दुसरं माप ‘फाट्यां’चं : शोध एक चाल खोल नेला की स्थिती किती पट झाल्या? दर स्थितीला ३५ चाली, म्हणजे ३५ फाटे फुटणाऱ्या झाडात अल्फा-बीटाला अचूक प्रतवारी मिळाली, तर ही पट सरासरी सहाच्या आसपास येते. त्याच्याही खाली गेली तर ते श्रेय प्रतवारीचं नव्हे, प्रोग्रॅमने केलेल्या इतर कपातीचं.

‘किलर मूव्ह’ला मात्र अजून शब्द सापडलेला नाही. ‘मारक चाल’ म्हटलं की मुलांना मोहरं मारणारी चाल वाटते, आणि ही तर नेमकी मोहरं न मारणारी शांत चाल, जिने शेजारच्या फांदीत छाटणी घडवलेली असते. कुणाला काही सुचतंय?