खाणी कोणी बंद पाडल्या?

साखळीकर: काल एका पोस्टमध्ये वाचलं, 'चार पर्यावरणवाद्यांनी कोर्टात जाऊन गोव्याची चूल विझवली.' डोकं फिरलं. लोहखनिजाच्या खाणींवर २०१२ची बंदी आली ती बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर. वन्यजीव मंडळाच्या मंजुरीशिवाय खाणी चालल्या होत्या, हे त्यातच आहे. २०१४ला सुप्रीम कोर्टानेच वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. तेव्हा सरकारने लिलाव करायचा सोडून त्याच जुन्या लोकांना ८८ लिजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण करून दिलं. २०१८ला कोर्टाने तेही रद्द केलं आणि खाणी पुन्हा बंद पडल्या. दुसऱ्या बंदीचं खापर निसर्गप्रेमींवर कशाला?

सांगेचा ट्रकवाला: तुमचं कोर्टपुराण बरोबर असेल. मी बँकेचं कर्ज काढून टिपर घेतला होता. अर्धे हप्ते बाकी असताना धंदा थांबला. टिपर दारात गंजला, बायकोचे दागिने गहाण पडले. मालकाकडे कुठली मंजुरी नाही, हे मला कोणी सांगितलं होतं? चोरी त्यांची, शिक्षा आम्हाला.

शिरगावची लेक: दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण आमच्या गावात खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या, रात्रंदिवस पंप चालले आणि विहिरी आटल्या. एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती निघते. पावसात ती सगळी शेतात. आमचं वायंगण, म्हणजे उन्हाळी भातपीक, कायमचं गेलं.

सांगेचा ट्रकवाला: भरपाई घेतलीत ना?

शिरगावची लेक: घेतली. दरवर्षी खाणीच्या ऑफिसाबाहेर बाबा रांगेत उभे राहायचे. आधी 'तक्रार नाही' अशा कागदावर सही, मग पैसे. याला तुम्ही भरपाई म्हणा.

पणजीकर: ट्रकवाल्यांनीही विचार करायला हवा होता. चीनची मागणी वाढली, २०१०-११ला निर्यात ५ कोटी टनांच्या वर गेली. ती कायम राहणार होती का? २०१५पर्यंत जगभर भाव कोसळलेच.

सांगेचा ट्रकवाला: तुम्ही महिन्याचा पगार घेता, तुम्हाला विचार परवडतो. 'ट्रक घे, लोड मिळेल' असं गावातले पुढारीच सांगत होते. बँकवाले घरी येऊन फॉर्म भरून घ्यायचे. त्यांच्यापैकी कोणाचं घर लिलावात गेलं?

पणजीकर: बँकांचं मान्य. पण सरकारने कर्जदारांसाठी सवलत योजना आणली होती, तेही सांगा.

सांगेचा ट्रकवाला: खेपा घालून चपला झिजल्या. कोर्टाने विक्रीतले १० टक्के कायम निधीत टाकायला सांगितले होते ना? त्यातून आमची कर्जं आधी फेडायची.

साखळीकर: तो निधी पुढच्या पिढ्यांचा आहे. खनिज एकदाच निघतं. तुमची कर्जं मालकांनी केलेल्या बेकायदा कमाईतून फेडली गेली पाहिजेत. शहा आयोगाने तो आकडा ३५ हजार कोटींच्या घरात काढला होता. त्या वसुलीसाठी तुम्ही मोर्चा काढा, मी पहिल्या रांगेत येतो. तुमचे मोर्चे मात्र नेहमी 'खाणी सुरू करा' एवढंच मागतात.

सांगेचा ट्रकवाला: वसुलीचं बरोबर बोललात, एवढंच मानतो. पण वसुली होईपर्यंत हप्ता कोण भरणार?

शिरगावची लेक: आणि आमच्या विहिरींचं काय? आता लिलाव होऊन खाणी पुन्हा सुरू होतायत. पंप किती खोल जाणार, हे ग्रामसभेत कोणी सांगायला तयार नाही.