मदत हवी आहे: सर्वेक्षणात ‘धर्म’ कसा विचारावा?

नमस्कार. मी नागपुरात समाजशास्त्रात एमए करतेय. प्रबंधासाठी इंदोरा आणि ताजबाग भागात घरोघरी प्रश्नावली भरून घेतेय आणि ‘धर्म’ या रकान्यातच अडकलेय.

इंदोऱ्यातल्या एका आजींनी ठामपणे सांगितलं, ‘बौद्ध लिही बाई.’ मग लोखंडी पेटीतून, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला मुलाचा जुना शाळेचा दाखला काढला. त्यावर ‘हिंदू महार’. दीक्षाभूमीवर धर्मांतर झालं १९५६ साली, पण अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात बौद्ध आले १९९० साली. तोवर ‘बौद्ध’ लिहिलं तर केंद्राच्या सवलती मिळत नसत, म्हणून मधली ३४ वर्षं अशा दाखल्यांवर दिसतात. आजींना खोटं ठरवायचं का? मला ते मुळीच पटत नाही.

ताजबागेत वेगळीच अडचण. ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर चादर चढवणारं हिंदू कुटुंब एका खुणेत कसं मावणार?

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण धोरणं अशाच आकड्यांवर ठरतात. सच्चर समितीने २००६ मध्ये जनगणना आणि नमुना पाहण्यांच्या आकड्यांवरूनच मुस्लिमांचं शिक्षण आणि रोजगाराची स्थिती मांडली होती.

श्रद्धा, आचरण आणि कागदावरची नोंद असे तीन वेगळे प्रश्न ठेवू का? सर म्हणतात, एकच ठेव, नाहीतर लोक कंटाळतात. विदर्भात कुणी असं क्षेत्रकार्य केलं असेल तर प्रश्नांची नेमकी शब्दरचना कशी ठेवलीत, तेवढं कृपया सांगा. पुढच्या आठवड्यात पुन्हा वस्तीत जायचंय.