कपाळावरच्या आठ्यांसाठी बोटॉक्स: सांगली-मिरजेत कुणी घेतलंय का? (मदत हवी आहे)

अकराची_आठी

नमस्कार मंडळी. वय ४७, सांगलीत विश्रामबागला राहते, हायस्कूलला गणित शिकवते. प्रश्न लाजत लाजतच विचारतेय. हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

दोन भुवयांच्या मधोमध मला दोन उभ्या आठ्या पडल्यात, अगदी ११ लिहिल्यासारख्या. आधी कपाळ आक्रसलं की दिसायच्या, आता आरशासमोर नुसती उभी राहिले तरी असतात. बावीस वर्षं तासगाव रोडला उन्हात डोळे बारीक करून स्कूटर चालवली, त्याचं हे फळ असावं. वर्गात शिरले की पोरं कुजबुजतात, "बाई आज तापल्यात." मी आपली संध्याकाळी भाजी कोणती करायची या विचारात असते!

तेही सोसलं असतं. पण मागच्या महिन्यात लेकीचा साखरपुडा झाला आणि फोटो आले. एकूण एक फोटोत मला ही सोयरीक पसंत नसल्यासारखी उभी आहे. विहीणबाईंनी ह्यांना बाजूला घेऊन विचारलंसुद्धा, "ताईंच्या मनात काही आहे का?" लग्न मार्गशीर्षात, म्हणजे हातात दोन महिने.

ओळखीच्या एका पार्लरमध्ये विषय काढला. तिथली बाई म्हणाली, लग्नाच्या आदल्या दिवशी फेशियलबरोबर बोटॉक्स उरकून टाकू, ९ हजार. गालाला फिलर घेतलं तर मेंदी फुकट. मी म्हटलं, औषध तरी बघू दे. तर तिनं चहाचा असतो तसला थर्मास उघडला. आत बर्फाच्या पाण्यात भरून ठेवलेल्या दोन सिरिंजा, सुईला टोपण, वर ना नाव ना तारीख. "बाटली पुण्याला असते मॅडम, आपल्याकडं भरूनच येतंय." डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि उठले.

तर खरं बोटॉक्स कसं ओळखायचं, कुणाकडून घ्यायचं, लग्नाच्या किती दिवस आधी, आणि मुळात घ्यावं का? घरात कुणाला बोलले नाही अजून.

कंदी_पेढा

बोटॉक्स हे विष आहे ताई. साधंसुधं नाही, जालीम विष. रोज रात्री खोबरेल तेलानं मालिश करा, आठ्या जातील. आमच्या साताऱ्याच्या आजीला नव्वदीतही एक सुरकुती नव्हती.

हळदवाला

नव्वदीत एकही सुरकुती नाही? आजीचा फोटो टाका राव.

अवांतर: आमच्या पेढीवर माझ्या आठ्या बघूनच गिऱ्हाईक भाव पाडत नाही. धंद्याला उपयोगी वस्तू आहे, घालवू नका.

स्किन_ओपीडी

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, प्रॅक्टिस सांगली जिल्ह्याबाहेर, त्यामुळे जाहिरात समजू नये.

ताई, उठून आलात ते फार बरं केलंत. खऱ्या शिशीत पाण्यासारखं औषध नसतंच. बोटॉक्सच्या शिशीत तळाशी कोरड्या पावडरीचा इतका पातळ थर असतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला रिकामीच वाटते. ती २ ते ८ अंश तापमानात ठेवायची, डॉक्टरांनी त्यात सलाइन घालून हलक्या हातानं फिरवायची, आणि कंपनीच्या सूचनेप्रमाणे विरघळवल्यापासून २४ तासांत वापरायची. थर्मासमधली सिरिंज कधी भरली, त्यात किती पाणी घातलं, मुळात औषध होतं का, हे ती बाईसुद्धा सांगू शकणार नाही. शिशी तुमच्यासमोर फोडा असं स्पष्ट सांगायचं. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

कंदी_पेढा यांचं अर्धं बरोबर आहे, हे विषच आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू ते तयार करतो. नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नात हाच जिवाणू वाढला तर माणूस दगावतो. इंजेक्शनात त्याची अगदी सूक्ष्म मात्रा असते. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटलं की स्नायू आखडतो, हे औषध ते सुटणंच अडवतं. स्नायू सैल पडला की वरच्या कातडीला चुणी पडत नाही. तीन-चार महिन्यांत स्नायूला पुन्हा जाग येते, आठी परत येते. कायमचं काहीच नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही.

सुरुवात डोळ्यांच्या दवाखान्यातून झाली. अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्या आखडण्याच्या आजारासाठी याला मंजुरी मिळाली. कॅनडात व्हँकुव्हरला एक नेत्रतज्ज्ञ बाई पापण्यांना हे टोचत होत्या, तेव्हा रुग्णांच्या कपाळावरच्या आठ्या गेलेल्या त्यांच्या लक्षात आल्या. नवरा त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये निबंध छापला. आठ्यांसाठी अमेरिकेत परवानगी आली ती २००२ मध्ये.

आदल्या दिवशी घेणं म्हणजे पैसे कृष्णेत सोडणं. असर तीन-चार दिवसांनी जाणवायला लागतो, पूर्ण दिसायला दोन आठवडे. वर सुईचा निळा डाग पडला तर तो घेऊन मांडवात. महिनाभर आधी घ्या, म्हणजे काही कमी-जास्त झालं तर हातात दिवस राहतात.

उभ्या आठ्यांना बोटॉक्सचे साधारण २० युनिट लागतात, पाच जागी चार-चार. डिस्पोर्ट हा याच प्रकारच्या औषधाचा दुसरा ब्रँड, त्याचं युनिट वेगळं, त्याच जागेला ५० लागतात. त्यामुळे नुसता "युनिटला किती" असा भाव विचारून तुलना करू नका, ब्रँड आधी विचारा.

फुकट मेंदीच्या नादानं फिलर मात्र मुळीच नको. ती वेगळी चीज आहे, जेली भरतात. रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. भुवयांमधली जागा त्यासाठी सगळ्यात धोक्याच्या जागांपैकी एक आहे.

त्वचारोगातला एम. डी. किंवा प्लास्टिक सर्जन बघा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं, यात बोटॉक्स देत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, आपल्या मनानं बंद करू नका.

मिरजमार्गे

डॉक्टरांना अनुमोदन, पण दुसरी बाजूही ऐका. दोन वर्षांपूर्वी मी घेतलं होतं, डॉक्टरकडूनच. सहाव्या दिवशी डावी पापणी अर्धी खाली आली. रिक्षावाला विचारायचा, "ताई, रात्रभर जागलाय काय?" औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरलं होतं म्हणे. डोळ्यात घालायचे थेंब दिले, त्यानं थोडी उचलायची. पाच आठवड्यांनी आपोआप ठीक झाली. पण ते पाच आठवडे काळा चष्मा लावून बँकेत काउंटरवर बसले. लग्नाच्या तोंडावर हे झालं तर? विचार करा एवढंच.

अकराची_आठी

सगळ्यांचे आभार. हळदवाला, तुमचे गिऱ्हाईक माझ्या वर्गात पाठवा.

डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. माझी आठी नुसतं उभं राहिल्यावरही दिसते, ती जाईल का पूर्ण?

स्किन_ओपीडी

पूर्ण जाईलच असं नाही. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेली पैठणी उघडली तरी घडीची रेघ राहते ना, तसं. कपाळ आक्रसणं थांबलं की रेघ फिकट होते. उन्हात गॉगल आणि रोज सनस्क्रीन, हे दोन्ही नसेल तर इंजेक्शन अर्ध्यावर आलं समजा.

अकराची_आठी

तीन आठवड्यांनी परत आले. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितेय.

मिरजेला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. ह्यांना सांगूनच गेले, ते बाहेर पेपर वाचत बसले होते. डॉक्टरांनी आधी रागवायला सांगितलं, मग भुवया वर करायला. मग एक गंमत केली. माझ्या भुवया बोटांनी खाली दाबून धरल्या आणि म्हणाल्या, आता डोळे उघडा. मला पापण्या पुऱ्या उचलताच येईनात! मी इतकी वर्षं डोळे कपाळानं उघडत होते. पापण्या जड झाल्यात, त्यांचं ओझं कपाळाचा स्नायू वाहतो. आडव्या रेषांना टोचलं असतं तर भुवया खाली उतरून डोळे झाकोळले असते. त्यामुळे कपाळाला हात लावणार नाही, फक्त मधलं ११ करू, म्हणाल्या.

आणि विचारलं, वह्या तपासताना चष्मा लावता का? मी कधीच लावत नव्हते, हात लांब करून वाचत होते. त्यांनी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. जवळचा नंबर निघाला दीड. म्हणजे आठ्यांचं खापर मी तासगाव रोडवर फोडत होते, निम्म्या आठ्या नववीच्या वह्यांनी पाडलेल्या.

इंजेक्शनाला पाच मिनिटंही लागली नाहीत. पांढऱ्या पेन्सिलनं पाच ठिपके काढले, शिशी माझ्यासमोर उघडली (खरंच रिकामी दिसते!), तिचा बॅच नंबर माझ्या कागदावर लिहिला. लाल मुंगी चावावी तसं पाच वेळा झालं. चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही. खर्च पार्लरपेक्षा जास्त आला. तो आकडा ह्यांना अजून सांगितलेला नाही.

पापणी काही पडली नाही. आठी पुसली गेली नाही, पण फिकट झालीय, विहीणबाईंना आता शंका येऊ नये इतपत. तोटाही सांगते. गृहपाठ आणला नाही म्हणून परवा नववी-ब मधल्या एकाला डोळे वटारून बघितलं, तर कार्टं हसतच राहिलं. आता आवाज चढवावा लागतो.

शेवटचा प्रश्न, धागा बदलत नाही: प्रोग्रेसिव्ह चष्म्याची (लांबचं-जवळचं एकाच काचेत) सवय किती दिवसांत होते? शाळेचा जिना उतरताना शेवटची पायरी मला दोन वेळा लांब दिसली.