चिप कधी वाचते, कधी नाही: दोष कार्डाचा की मशीनचा?

गल्ल्यावरून

नमस्कार मंडळी. काउंटरवर एकाच बनावटीची दोन कार्ड मशीन शेजारी शेजारी आहेत. डावीकडच्या मशीनमध्ये दहातली दोन-तीन कार्डं चिपनं वाचली जात नाहीत. काढून परत घातली की बहुतेक चालतात. टॅपचंही तसंच आहे, फोन लगेच लागतो, पण कार्ड तीन-तीनदा धरावं लागतं. कार्डामागची चुंबकीय पट्टी ओढली तर 'चिप वापरा' असं येतं. उजवीकडच्या मशीनवर हा त्रास क्वचितच होतो, पण काही ठरावीक कार्डं तिथेही अडतात. क्लीनिंग कार्ड (खाच साफ करायचं कार्ड) फिरवल्यावर दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

नक्की दोष कुणाचा हे कसं ठरवायचं? चिप खोडरबरानं घासली तर चालेल का? आणि मशीन खोलून आतून पुसता येईल का?

टर्मिनलतज्ज्ञ

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथली चूक भरून निघत नाही. मशीन अजिबात खोलू नका. आत छेडछाड ओळखणारे स्विच असतात आणि मशीन बंद असलं तरी ते छोट्या बॅटरीवर जागे असतात. झाकण हललं की पिन सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त किल्ल्या पुसल्या जातात. मग ते मशीन पुरवठादाराकडे परत पाठवण्याखेरीज गत्यंतर नाही.

आता मोजणी. स्वतःची किंवा सहकाऱ्यांची तीन-चार कार्डं घ्या. त्यात एखादं कोरं नवीन आणि एखादं हमखास अडणारं असू द्या. प्रत्येक कार्ड प्रत्येक मशीनमध्ये दहा-दहा वेळा घाला. पिन मागितला म्हणजे चिप वाचली गेली. तिथेच व्यवहार रद्द करा, पिन टाकू नका. एखादं कार्ड दोन्हीकडे अडलं तर दोष कार्डाचा. सगळी कार्डं एकाच मशीनवर अडली तर मशीनचा. ठरावीक कार्ड ठरावीक मशीनवरच अडत असेल तर थोडी झीज दोन्हीकडे आहे, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. कार्ड बदललं की मशीन चांगलं वाटतं, मशीन बदललं की कार्ड.

अडतं कुठे, हेही लिहून ठेवा. चिपच्या सोनेरी चौकटीत प्रमाणानुसार आठ जागा ठरलेल्या असतात, पण कामाच्या पाच: सी१ वीज, सी२ रिसेट (चिप नव्यानं सुरू करायचा इशारा), सी३ क्लॉक (कामाचा ताल देणारे ठोके), सी५ ग्राउंड आणि सी७ डेटा. रिसेट मिळाल्यावर चिपनं क्लॉकच्या ४०० ते ४०,००० ठोक्यांच्या आत उत्तर द्यायला सुरुवात करायची असते. क्लॉक ४ मेगाहर्ट्झ असेल तर ही कमाल मुदत फक्त १० मिलिसेकंदांची होते. म्हणून कार्ड घातल्या घातल्या चूक आली तर पाचपैकी एखादी जागा टेकलेलीच नाही असं समजा. 'कार्ड काढू नका' दिसत असताना मध्येच तुटलं तर कार्ड हललं किंवा मशीनमधली चिपला टेकणारी स्प्रिंग ढिली आहे. आणि बँकेशी जोडणी होऊन ०५, ५१, ५४ असा कोड आला, तर कार्ड व्यवस्थित वाचलं गेलंय, नकार बँकेचा आहे. त्यासाठी चिप पुसत बसू नका.

पट्टीचं वागणं बरोबरच आहे. पट्टीवरच्या सेवा-कोडचा पहिला अंक २ किंवा ६ असेल तर कार्डाला चिप आहे हे मशीनला कळतं आणि ते चिपच मागतं.

सोनेरीचौकट

खोडरबर नको, कृपया. चिपवरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, त्याखाली निकेल आणि त्याखाली तांबं. रबर घासलं की त्या दिवशी चिप चकचकीत दिसते आणि पुढे लवकर काळवंडते. शिवाय रबराचा चुरा थेट खाचेत जातो. तंतू न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्या (७० टक्के चालतं, ९० च्या वरचं अधिक चांगलं), हलक्या हातानं पुसा आणि अर्धा मिनिट वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातल्या अ‍ॅसिटोननं प्लास्टिक मऊ पडतं.

पुसण्याआधी कार्ड काचेवर ठेवून वाकलंय का ते बघा. कार्डाची प्रमाणित जाडी ०.७६ मिलिमीटर असते. त्यावर स्टिकर किंवा सेलोटेप चिकटवलेली असेल तर ती काढा, नाहीतर एक दिवस खाचेत अडकेल.

क्लीनिंग कार्डाचा गुण दोनच दिवस टिकला, ही खूण महत्त्वाची आहे. ते मळाचा थर काढतं, पण ढिल्या स्प्रिंगचा दाब परत आणत नाही. किंवा खाचेच्या तळाशी काहीतरी बसलंय आणि कार्ड पूर्ण आत जातच नाही. हे तपासायला मुदत संपलेलं कार्ड उजवीकडच्या मशीनमध्ये पूर्ण आत सरकवा आणि खाचेच्या ओठाशी बारीक पेनानं रेघ मारा. आता तेच कार्ड डावीकडे घाला. रेघ मिलिमीटरभर जरी बाहेर राहिली तरी आत कचरा आहे. मशीन उलटं धरून, खाच खाली ठेवून, दाबाच्या हवेचे छोटे झोत मारा. खाच वर ठेवून फुंकलं तर कचरा आणखी आत जातो. टाचणी किंवा चिमटा घालू नका.

अजून एक तपासणी. त्याच कार्डाची चिप पुसून ते डावीकडे वीस वेळा घालून काढा. मग तिरप्या उजेडात भिंगानं बघा. सी१, सी२, सी३, सी५, सी७ या पाचही जागांवर ताजे ओरखडे दिसायला हवेत. चिप डाव्या हाताला ठेवली की डावा स्तंभ वरून खाली सी१ ते सी४, उजवा सी५ ते सी८. एखाद्या जागी ओरखडाच नसेल किंवा तो कडेला गेला असेल तर ती स्प्रिंग गेली.

तेरा_छप्पन्न

टॅपबद्दल. फोन लागतो म्हणजे रीडर ठणठणीत, हा समज सोडा. कार्डात बॅटरी नसते. ते सगळी वीज रीडरच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातून घेतं. फोन स्वतःच्या बॅटरीवर उत्तर देतो, त्यामुळे क्षेत्र क्षीण झालं तरी फोन चालतो आणि आधी कार्डं गळतात. तुमचं वर्णन तंतोतंत याच प्रकारात बसतं.

मशीन धातूच्या ट्रेवर किंवा स्टँडवर असेल तर ते लाकडावर ठेवून परत मोजा. धातूमुळे अँटेनाचा मेळ बिघडतो. दोन मशीन शेजारी असल्यानं क्षेत्रं एकमेकांना त्रास देऊ शकतात, निदान हातभर अंतर ठेवून पाहा. कार्ड पाकिटातून बाहेर काढून, मशीनवरच्या टॅपच्या चिन्हाला समांतर, चार सेंटिमीटरच्या आत, आवाज येईपर्यंत स्थिर धरायचं. ओवाळायचं नाही.

आणि चिप व टॅप हे दोन वेगळे मार्ग आहेत. दोन्ही एकाच मशीनवर एकदम अशक्त झाले तर वीजपुरवठ्यावर संशय घ्या. दोन्ही मशीनचे अडॅप्टर आपसात बदला आणि मोजणी पुन्हा करा.

चिप चालते पण टॅप कुठेच लागत नाही, असं कार्ड असेल तर कडेनं फिरणारं अँटेनाचं वेटोळं तुटलंय. ते दुरुस्त होत नाही, बँकेकडून नवीन घ्यायचं.

गल्ल्यावरून

सगळं करून पाहिलं. अडॅप्टर बदलून काही फरक नाही. डावं मशीन स्टीलच्या ट्रेवर होतं, ते लाकडावर घेतल्यावर टॅप पहिल्या झटक्यात लागतो. रेघ मिलिमीटरभर बाहेर होती. हवा मारल्यावर लेबलचा तुकडा निघाला आणि कार्ड पूर्ण आत बसतं. तरी चिप ४० पैकी ३ वेळा अडली, प्रत्येक वेळी घातल्या घातल्या. सी७ वर ओरखडा जवळपास नाहीच. दोन कार्डं दोन्ही मशीनवर अडतात.

टर्मिनलतज्ज्ञ

ती दोन कार्डं बदलून घ्यायला सांगा. सी७ हीच येण्या-जाण्याची एकमेव डेटा-तार आहे, ती स्प्रिंग बाहेरून सुधारणार नाही. पुरवठादाराला 'कधी कधी चालत नाही' असं कळवू नका. मशीनचा अनुक्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, ४० पैकी ३, सुरुवातीलाच अपयश, उजवीकडे तीच कार्डं किती वेळा अडली आणि सी७ ची खूण, एवढं लिहा. ते ओरखड्यांचं कार्डही जपून ठेवा. बदली मशीन येईपर्यंत डावीकडे फक्त टॅप घ्या आणि चिपची कार्डं उजवीकडे पाठवा.