कोंबड्यांचं पाणी गोठतंय: मिठाची बाटली आणि बाकी उपाय
थंडीत कोंबड्यांचं पाणी गोठू नये म्हणून कुणीतरी मिठाच्या पाण्याची बाटली भांड्यात तरंगत ठेवा म्हटलंय, शून्याच्या आसपास ठीक आहे हो, पण इथे अमेरिकेत मिनेसोटात जानेवारीत उणे २५ सेल्सिअस झालं की बाटलीसकट सगळ्याचा दगड होतो. वीज असेल तर थर्मोस्टॅटवाला गरम बेस घ्या, गोठायची वेळ आली की आपोआप चालू होतो, फक्त त्यावर पत्र्याचं भांडं ठेवायचं आणि वायरचा जोड पेंढ्यात लोळू द्यायचा नाही. हीट लॅम्प मात्र नकोच, पेंढ्यात पडला तर अख्खं खुराडं जळतं.

वीज नसेल तर काळा रबरी टब बेस्ट. पाणी गोठलं की उपडा करून वर एक लाथ घातली की बर्फाची चकती सुटून येते आणि रबर तडकत नाही. रात्री कोंबड्या पाणी पीत नाहीत, त्यामुळे संध्याकाळी रिकामा करायचा, सकाळी कोमट पाणी घालायचं आणि दुपारी परत एक चक्कर.

आणि पाणी शक्यतो खुराड्याबाहेर ठेवा, आत ओल वाढली की तुरे गोठून काळे पडतात, मोठ्या तुऱ्याच्या लेगहॉर्न जातीच्या कोंबड्यांचे तर आधी. उघड्या भांड्यात कोंबड्याच्या चोचीखालची लाल कातडी बुडते तीही गोठते, म्हणून तोंड अरुंद असलेलं बरं. तुमच्या खुराड्यापर्यंत वायर गेलीये का?